येफन

गेल्या महिन्यात जळगावात आमच्या नकलांचा कार्यक्रम होता. सूत्रसंचालक गृहस्थ माझी ओळख करून देताना म्हणाले, "आता येत आहेत, मेलेल्या माणसाचा आवाज काढून सोनगीर गाव हादरवणारे, आपले नथूभाऊ!" टाळ्या पडल्या. मी स्टेजवर उभा, आणि डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू... खाली उतरून त्या गृहस्थांची कॉलर धरावीशी वाटली. धरली नाही, कारण पहिल्या रांगेत मामलेदारसाहेब बसले होते.

मी तो आवाज काढला नव्हता. तेव्हाही नाही, नंतरही नाही. हे एकदा छापून आलं म्हणजे मी सुटलो, म्हणून हे लिहितोय.

आता तुम्ही म्हणाल, हा भुताखेतांवर विश्वास ठेवणारा दिसतो. अहो, कसा ठेवणार? आमच्या फैजपुरात केळीच्या बागांमधून जी दोन-तीन भुतं फिरायची, त्यातलं एक मीच होतो. एक रडणारी बाई होती, तीही मीच. हेडमास्तरांच्या आवाजात शाळा सोडून देणे, सर्व्हिस मोटारच्या एजंटच्या आवाजात "चला सावदा, सावदा" ओरडून गर्दी भलत्याच मोटारीकडे पळवणे... हे माझे धंदे. ज्याने स्वतः भुतं बनवली, त्याला भुताची भीती कसली? हलवायाला जशी जिलबीची ओढ नसते, तसं.

तर ऐका. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा उन्हाळा. आखाजी तोंडावर आली होती, आणि मी मुऱ्हाळी होऊन सोनगीरला गेलो होतो. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते आणि तिला आणायला भाऊ जातो, तो मुऱ्हाळी. माझी थोरली बहीण, अक्का, तिथे दिलेली. आदल्या आखाजीला तिचं येणं झालं नव्हतं, नवं सासर म्हणून. आणि मग दिवाळी सरते न सरते तोच तिचे सासरे वारले. म्हणजे पोरगी कितीतरी दिवसांत घरी नाही. आई रोज दुपारी ओट्यावर येऊन रस्त्याकडे बघायची. निघताना मला म्हणाली, "नथू, तोंड बंद ठेवजो बापा तिथी. अक्काले घेऊनच ये."

तोंड बंद ठेव. लक्षात घ्या. आणि मी ठेवलंही होतं!

आता सासरे. त्यांना सगळे आबा म्हणायचे. कापसाचे दलाल. धुळ्यापासून शिरपूरपर्यंत आग्रा रोडवर त्यांची फटफटी ओळखीची. विलायती, जुनी, टाकी निळी, आवाज असा की शेतातली माणसं विळा टाकून बघायची. आबांचं सगळं वेगळं. फटफटीला ते "मना तिसरा बैल" म्हणायचे. पेट्रोल भरायचं म्हणजे पाणी पाजायचं. मागचं सीट म्हणजे वशिंड. अक्काच्या लग्नात वऱ्हाड जेवून सुपारी कातरत बसलं होतं, तेव्हा कुणीतरी सांगितलं, "व्याहीबुवा, हा पोरगा तुमची नक्कल करतो." आबा म्हणाले, "कर मंग!" मी केली. तंबाखूचा बार डाव्या गालात, शब्द नाकाच्या मुळाशी घासत काढायचे, वाक्य संपताना "रे भो" असं वर उडवायचं. आबा हसून हसून लोळले. डोळे पुसत म्हणाले, "अरे, मीच दोन झायात!" आणि लोडाला टेकून पुन्हा हसले.

त्या लग्नानंतर मी आबांना पाहिलं नाही. एकदाही नाही. ते गेले तेव्हा वडील सोनगीरला गेले, माझं व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेचं वर्ष होतं. हे नीट ध्यानात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

सोनगीरला पोचलो तर स्वागत छान. अक्काची सासू, जिजी, बोलायला खडूस पण मनाची मोकळी. मला समोर बसवून म्हणाली, "सून जाई. इतला दिन उनी नही, मायले वाटत व्हई. परवा निंघा." झालं! अक्काने लगेच ट्रंक काढून झटकायला घेतली. मला डोळ्याने खुणावलं — काही बोलू नकोस, बिघडवू नकोस. मी तोंडावर बोट ठेवलं. कुठल्याही नकलेशिवाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे घडलं. भुताच्या गोष्टीला वातावरण लागतं म्हणतात... इथे कसलं वातावरण? डोक्यावर उन्ह. अंगणात कडुलिंबाचं झाड. पलीकडच्या आळीतून तांबटांची ठोकठोक, दिवसभर चालू. आत ओसरीवर जिजी आणि अक्का कुरडयांचा चीक घेऊन बसलेल्या. आणि लिंबाखाली भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान गोविंदभाऊ, नि मी. आमच्यासमोर फटफटी, पुढून खोक्यावर चढवलेली.

पुढचं चाक वाकडं झालं होतं. रीम अशी, की फिरवली तर नाच करायची. आबांच्या हयातीतच वाकली होती. भाऊजींनी सांगितलं, "बैलनी शिंग मारं व्हतं." आबा मग आजारी पडले आणि गाडी तशीच झाडाखाली राहिली. आता भाऊजींना दलाली पुढे चालवायची होती. धुळ्याच्या भंगारवाल्याकडे त्याच कंपनीची मोडकी फटफटी होती, तिचं पुढचं चाक त्यांनी आणलं होतं. जुनं काढायचं, हे घालायचं. भाऊजींनी हे काम कधी केलं नव्हतं. आबा हात लावू द्यायचे नाहीत. मी तर सायकलपलीकडे गेलेलोच नव्हतो.

तरी जमलं. ब्रेकची तार सोडली, आखाच्या दोन्ही बाजूंचे नट रॉकेल घालघालून सोडवले, आख ठोकून बाहेर काढला. जुनं चाक निघालं तेव्हा भाऊजी असे खूष झाले, जसं काही त्यांनी दात उपटलाय. जुन्या चाकाच्या ब्रेकचं गोल झाकण नव्या चाकाला बसवलं. चाक चिमट्यात चढवलं, आख घातला, नट हाताने लावले. फिरवून पाहिलं. सरळ! सुदर्शन चक्रासारखं फिरतंय. भाऊजी म्हणाले, "आवळ रे नथू, तंवर मी कोट घालीसन येस. उतारवरथीन आग्रा रोडले जाईसन पाहू." आणि घराच्या मागच्या दाराने आत गेले.

मी पाना घेऊन खाली बसलो. एक नट आवळला. दुसऱ्याला पाना लावला. आणि कानाजवळ, अगदी मडगार्डच्या उंचीला, कुणीतरी चिडून बोललं,

"येफन घाल ना रे भो! येफन!"

आवाज आबांचा.

मी नकलाकार आहे. आवाज म्हणजे मला सोनाराला सोनं असतं तसा. दुरून, पुसट, भास... असलं काही नव्हतं. जवळ. गालात तंबाखू असल्याचा ओलसरपणासुद्धा. मी मागे वळलो. कुणी नाही. झाडाच्या मागे पाहिलं. झाडावर पाहिलं — हो, पाहिलं, हसा! एक खार होती. खार आबांच्या आवाजात बोलत नाही.

आणि भीती वाटायला मला वेळच मिळाला नाही. कारण ओसरीवरून जिजी धावत आली. दोन्ही हात कोपरापर्यंत चिकाने माखलेले, पदर गळालेला. तोंड पांढरंफटक. मागून अक्का.

"कोन बोलना? कोन बोलना आते?"

मी म्हटलं, "मी नाही जिजी."

तिने अंगण पाहिलं. अंगणात मी. फक्त मी. तिच्या तोंडावरचा रंग बदलताना मी पाहिला. पांढऱ्याचा लाल.

"तू नही? मंग काय हाई लिंबनं झाड बोलनं?"

"जिजी, शपथ... मलाही ऐकू आलं, मी तर —"

"मरेल मानूसनी नक्कल करस? मना घरमा, मना आंगनमा? तुले काई लाज शे का नही?"

मी तोंड उघडलं की ती दोन पावलं मागे सरकायची. पुन्हा तो आवाज निघेल म्हणून. तुम्हीच सांगा, मी बोलायचं कसं? बोललो तरी गुन्हा, गप्प बसलो तरी कबुली!

शेजारच्या दोन बाया कुंपणावरून डोकावल्या. त्यातली एक म्हणाली, "काय व माय, गोंद्याना साला शे ना हाऊ? नकला करस तो?" दुसरी म्हणाली, "पन आवाज भारी काढा हां." भारी काढला म्हणे! आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालेलं मला नको होतं.

मी अक्काकडे पाहिलं. म्हटलं, ही तरी. लहानपणापासून एका ताटात जेवलेली.

अक्का डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "नथू, खरं सांग मले. तूच काढला ना?"

"अक्का, आईची शप्पत!"

"तू तं आईची शप्पत बी हेडमास्तरच्या आवाजात घेतो!"

हे खरं होतं. म्हणून जास्त लागलं.

तेवढ्यात भाऊजी कोट घालून बाहेर. काय झालं ते जिजीने सांगितलं. भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले. बापाला जाऊन अजून वर्ष नाही झालेलं. "तुना बठ्ठा नाटकं फैजपूरमा कर," ते म्हणाले, "आठे नको." आवाज चढवलासुद्धा नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

जिजी ओसरीच्या पायरीवर बसली आणि बसल्याबसल्या निकाल दिला. "सून कोठेच जावाव नही. आखाजी नि फाखाजी. तू एकला जाय."

अक्का आत गेली. ट्रंकेची कडी लावल्याचा आवाज आला... बास. रिकाम्या ट्रंकेची कडी कुणी लावतं का? तिने लावली.

वाचकहो, त्या क्षणी मला भुताचं काही पडलेलं नव्हतं. भूत असो, नसो, त्याने आपलं घर सांभाळावं. मला राग आला होता तो याचा, की मी आयुष्यात हजार खोटे आवाज काढले आणि दर वेळी सुटलो, आणि जो काढला नाही त्याची शिक्षा मला नाही, माझ्या बहिणीला! ओट्यावर बसलेल्या आईला काय सांगणार होतो मी? की आई, मी तोंड बंद ठेवलं होतं, दुसऱ्याच कुणीतरी उघडलं?

भाऊजींनी रागारागात दुसरा नट स्वतः आवळला, ब्रेकची तार जोडली, गाडी खोक्यावरून उतरवली. म्हणाले, "मी धुळे जास. तुना बापले तार करस, पोऱ्याले लई जाय म्हनीसन." लाथ मारली. दोन लाथांत गाडी सुरू झाली, इतके महिने पडून. तांबटांची ठोकठोक त्या फटफटीत बुडाली.

आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी पुढे होऊन हँडल धरलं. दोन्ही हातांनी. भाऊजी ओरडले, "सोड!" मी म्हटलं, "नाही सोडत! आधी मला एक सांगा, सगळ्यांनी मला फाशी द्यायची ठरवलीच आहे तर निदान सांगा, येफन म्हणजे काय?"

"काय?"

"येफन! तो आवाज म्हणाला येफन घाल. मी ज्या शब्दाचा अर्थ मला माहीत नाही तो शब्द नकलेत कशाला घालीन? येफन म्हणजे काय असतं?"

भाऊजींना कळेना. पण पायरीवरून जिजी उठली.

"बंद कर ती," ती मुलाला म्हणाली. गाडी बंद झाली. ती माझ्यासमोर आली. हातावरचा चीक वाळून पांढरा झाला होता. "काय म्हना तू? फिरीसन बोल."

"येफन."

"येसन," ती म्हणाली. मग स्वतःशी, "येसन घाल, असं म्हने तो."

येसण म्हणजे वेसण, बैलाच्या नाकातली दोरी, एवढं मला कळलं. पण तिथे बैल कुठे होता?

जिजीने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. म्हणाली, "काढ. आते काढ आबाना आवाज. मना समोर."

मी भाऊजींकडे पाहिलं, अक्का दारात आली होती, तिच्याकडे पाहिलं. म्हटलं, "जिजी, मगाशी त्यासाठीच तर मला —"

"लगीनमा बोलना व्हता तसा. काढ!"

आता बघा हा न्याय. न केलेल्या नकलेसाठी घरात बंदी, आणि ती केली नाही हे ठरवायला तीच करून दाखवा! समोर मेलेल्या माणसाची बायको, मेलेल्या माणसाचा मुलगा. जीभ डावीकडे सारली, नाकाच्या मुळाशी शब्द घासला आणि म्हटलं, "येसन घाल ना रे भो! येसन!"

चांगली झाली होती. मलाच कळलं, लग्नातल्यापेक्षा चांगली. भाऊजींनी मान फिरवली. कुंपणावरची बाई "माय व" म्हणाली.

जिजीने डोळे मिटून ऐकलं. उघडले तेव्हा तिचा माझ्यावरचा राग गेलेला होता. दुसरंच काही होतं तिथे.

"हाऊ तो नही शे," ती म्हणाली. "हाऊ लगीनना आबा शे. हाऊले दात शेत. मी जो ऐका तो बोळका व्हता."

मी म्हटलं, "बोळका? आबांचे दात कधी पडले?"

हे मी इतकं सरळ विचारलं की भाऊजींनीसुद्धा माझ्याकडे निरखून पाहिलं. तरी ते म्हणाले, "बहीननी सांगं व्हई तुले."

अक्का दारातून ताडकन म्हणाली, "मी नही सांगं! माहेरी सांगानं नही अशी आबासनी ताकीद व्हती. मी मना मायले बी नही सांगं." ती त्यांच्या बोलीत बोलली. चिडली की ती आता सासरचं बोलते, हे मला तेव्हाच कळलं.

गोष्ट अशी होती. लग्नानंतर काही महिन्यांनी आबांचे पुढचे सगळे दात गेले. बैलाने शिंग मारलं, दात आणि चाक दोन्ही एकदमच गेले, असं त्यांनी घरात सांगितलं. व्याह्यांकडे तेही सांगायचं नाही. कारण बोळका दलाल म्हणजे अर्धा दलाल, असं त्यांचं मत. तेव्हापासून त्यांना 'स' म्हणता येईना. स चा फ व्हायचा. सून म्हणायची तर "फून" म्हणायचे. अक्काला हसू यायचं आणि ती पदर तोंडात कोंबायची. हा बोळका आबा फैजपूरला ठाऊक नव्हता. माझ्याजवळ जो आबा होता तो दातांचा.

"बैल काय नि शिंग काय," जिजी म्हणाली. "फटफटीवरथीन पडना तो. उतारवर. येसन घालाले इसरना नि ब्रेक दाबा. माले एकलीले सांगं. कोनले सांगू नको म्हने, लोके हसतीन."

भाऊजी हे पहिल्यांदाच ऐकत होते. बापाने त्यांनाही बैलच सांगितला होता. "पन येसन म्हनजे काय, जिजी? फटफटीले कशी येसन?"

"माले काय माहीत? चाक लावे तं म्हने, पहिले येसन घालनी, नही तं हाऊ बैल मुंडकावर पाडस. ब्रेकजोडे काहीतरी शे."

भाऊजी आणि मी दोघेही खाली बसलो. ब्रेकच्या बाजूला, तोंड चाकात खुपसून. आणि मग दिसलं. ब्रेकच्या त्या गोल झाकणाला कडेला एक खाच असते. चिमट्याच्या आतल्या अंगाला एक जाड खुंटी असते. खुंटी खाचेत बसली तर झाकण जागचं हलत नाही. आम्ही बसवलेल्या चाकात झाकण थोडं फिरलेलं होतं. खाच एकीकडे, खुंटी एकीकडे. म्हणजे भाऊजी उतारावरून निघाले असते, आग्रा रोड लागायच्या आधी ब्रेक दाबला असता, आणि ते झाकण चाकाबरोबरच गरगरलं असतं, तार गुंडाळून घेऊन. चाक जागच्या जागी अडकलं असतं. पुढचं चाक. मागचं नव्हे.

भाऊजींनी कोट काढला. घडी घालून झाडाच्या फांदीवर ठेवला. आम्ही नट सैल केले, झाकण फिरवलं, खुंटी खाचेत बसली — टक्‌ असा एवढासा आवाज. येसण घातली गेली.

आता तुम्हाला वाटेल, जिजी रडली असेल. हात जोडले असतील. मलाही तसंच वाटलं. मी तर समजूत घालायची वाक्यंही तयार ठेवली होती.

जिजी भडकली! कंबरेवर हात ठेवून ती त्या चाकासमोर उभी राहिली आणि चाकालाच म्हणाली, "मरीसन इतला दिन झायात. माले एक सपन बी पडनं नही. मी रोज वाट देखस. नि उना तं कोनाकरता उना? चाककरता! इतला लांबथीन उना, चाकले बोलना नि चालना गया! मी आठे ओसरीवर बशेल व्हतू, दोन पाऊल वर. माले एक शबद बी नही?"

भाऊजी हळूच म्हणाले, "जिजी, माले वाचाडं ना त्यानी." ती म्हणाली, "वाचाडं, ते बराबर शे. पन तेवढंच काम व्हतं का?" आणि आत निघून गेली. चीक वाळत होता.

संध्याकाळी तिने अक्काच्या ट्रंकेची कडी स्वतः काढली. आत दोन लुगडी घातली आणि आधीच वाळवून ठेवलेल्या कुरडया फडक्यात बांधून वर ठेवल्या. माफी वगैरे कुणी मागितली नाही माझी. त्या घरात माफीपेक्षा कुरडया बऱ्या.

हे सगळं असं झालं. आता माझी तक्रार. दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीत बसेपर्यंत सोनगीरभर झालं होतं की गोविंदभाऊच्या साल्याने मेलेल्या आबांचा हुबेहूब आवाज काढला. येसण, दात, खाच, खुंटी... यातलं काही कुणी पुढे नेलं नाही. तिथून ते धुळ्याला गेलं, धुळ्याहून जळगावला. आता मी ज्या गावाला जातो तिथे कुणीतरी म्हणतं, "नथूभाऊ, तो मेलेल्या म्हाताऱ्याचा होऊन जाऊ द्या!" मी नाही म्हणतो. लोकांना वाटतं भाव खातोय.

खरं सांगू का? तो बोळका आवाज मी घरी, दार लावून, करून पाहिलाय. ओठ दातांवर ओढून, कापसाचा बोळा गालात धरून. एक म्हातारा येतो. पण तो कुणीतरी भलताच म्हातारा असतो. आबा येत नाहीत.

शिकलेल्या मित्रांनी मला समजावलंय. म्हणे, तुझ्या डोळ्याला ती खाच दिसली असेल, मनाने धोका ओळखला असेल, आणि मनानेच आबांच्या आवाजात सांगितलं असेल. बरं. मग माझ्या मनातला आवाज ओसरीवर चिकात हात घातलेल्या दोन बायकांना कसा ऐकू गेला? कुंपणावरच्या दोघींना? आणि माझ्या मनाला दात गेलेले कुणी कळवले? यावर मित्र म्हणतात, "तूच नकळत बोलला असशील." पुन्हा तेच! फिरून फिरून माझ्याच मानेवर! मी काय बोललो आणि काय नाही हे मला कळत नसेल तर मी नकला कसल्या करतो?

एक गोष्ट तेवढी उरली. आम्ही निघालो तेव्हा जिजी मोटारीपर्यंत आली होती. अक्का आत बसली. एजंट शिट्टी मारतोय, मी पायरीवर पाय ठेवलेला. तेवढ्यात तिने माझी बाही धरली, बाजूला ओढलं, आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "पुढला टाइमले तो बोलना, तं तू काही इचारू नको त्याले. पहिले माले हाक मार. मी हात धुवाले बी थांबावाव नही."

मी हो म्हटलं.

त्यानंतर मी सोनगीरला किती वेळा गेलो. भाऊजींनी मुद्दाम माझ्यासमोर त्या फटफटीची दोन्ही चाकं काढली, घातली. एकदा तर मी येसण न घालताच नट आवळत बसलो, उगाच, खूप वेळ. जिजी ओसरीवर काहीतरी निवडत होती. निवडत काय होती, हात थांबलेलेच होते.

तांबटांची ठोकठोक तेवढी ऐकू आली. आबा कुठून बोलले, कसे बोलले, आणि बोलायचंच होतं तर एवढंच का, हे मला आजही माहीत नाही.